वेढ्यातल्या शहरात घेतलेले शेत

यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला होता. इसवी सनापूर्वी 588-87 चा तो काळ. शहरातले धान्य संपत आलेले, तटाला भिडलेले मातीचे मोर्चे रोज वर चढत चाललेले, आणि यिर्मया संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. हे शहर पडणार, असे तो सिद्कीया राजाच्या तोंडावर सांगत आला होता, हाच त्याचा गुन्हा. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याला भेटायला आला. अनाथोथचे शेत विकायचे आहे, भाऊबंद म्हणून ते सोडवून घेण्याचा पहिला हक्क तुझा, असे त्याचे म्हणणे. अनाथोथ हे यिर्मयाचे मूळ गाव, यरुशलेमपासून पाचेक किलोमीटरवर. तटाबाहेरचा तो मुलूख तेव्हा शत्रूच्या टाचेखाली होता.

यिर्मयाने शेत घेतले. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून दिली. आजच्या मापाने ती साधारण 200 ग्रॅम भरेल. साक्षीदार बोलावले, खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. त्याचा लेखनिक बारूख याला त्याने बजावले की दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात ठेव, त्या पुष्कळ वर्षे टिकायला हव्यात. यिर्मयाच्या पुस्तकाचा 32 वा अध्याय हा सगळा व्यवहार इतक्या बारकाईने सांगतो की वाचणाऱ्याला तालुक्याच्या कचेरीतला दस्तच हातात आल्यासारखा वाटावा.

या व्यवहाराचा अर्थ खुद्द यिर्मयालाही नीट कळला नव्हता. खत बारूखच्या हाती गेल्यावर तो देवापुढे आपला गोंधळ मांडतो: शहर तर तू खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती देऊन चुकला आहेस, आणि मला चांदी मोजून शेत घ्यायला लावतोस? त्याला उत्तर मिळते की याच भूमीत माणसे पुन्हा शेते घेतील, खते लिहितील, साक्षी घालतील. पुढे शहर पडले, मंदिर जळाले, आणि यिर्मयाला त्याच्याच लोकांनी मिसर देशात ओढून नेले. ते शेत त्याने कधी कसले, असा उल्लेख बायबलमध्ये कुठेही नाही.

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष आगमनकाळाने सुरू होते. 30 नोव्हेंबरला जवळचा जो रविवार, तिथपासून नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत चार रविवारांचा हा काळ. वेदीवर जांभळा रंग येतो, कॅथलिक मिस्सेत गौरवगीत थांबते आणि संदेष्ट्यांची पुस्तके उघडली जातात. रोमन कॅथलिक पाठक्रमाच्या तीन वर्षांच्या चक्रात ‘अ’ वर्ष आले की चारही रविवारी पहिला पाठ यशयाचा असतो: तलवारींचे नांगर, इशायाच्या बुंध्याला फुटलेला धुमारा, वाळवंटात उमललेले फूल, आणि इम्मानुएल. महाराष्ट्रातल्या शेकडो चर्चमध्ये अशी वचने दरवर्षी मोठ्याने वाचली जातात. ती ऐकणाऱ्यांच्या हाती नेमकी कोणती आशा पडते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. भाकिताकडे येणाऱ्या घटनेचे वेळापत्रक म्हणून पाहण्याची सवय फार जुनी आहे. त्या सवयीपायी यिर्मयाचे शेत बाजूला राहते.

तारखेच्या मोहाचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण अमेरिकेतले आहे. विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला बाप्टिस्ट शेतकरी. दानिएलाच्या पुस्तकातल्या 2300 दिवसांचा अर्थ 2300 वर्षे असा लावून त्याने ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा काळ काढला. त्याच्या अनुयायांनी तो 22 ऑक्टोबर 1844 या दिवसावर आणून ठेवला. हजारो माणसांनी विश्वास ठेवला. काही शेतकऱ्यांनी उभे पीक काढलेच नाही, कारण पुढचा हिवाळा येणारच नव्हता. तो दिवस गेला, रात्र गेली, आणि सकाळ नेहमीसारखी उजाडली. अमेरिकेच्या धार्मिक इतिहासात या घटनेला महानिराशा म्हणतात. ती माणसे लबाड नव्हती. त्यांची ओढ खरी होती, आणि म्हणूनच त्यांचे दुःख आजही वाचवत नाही. त्यांच्यातल्याच काहींनी सावरून पुढे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी केली. पुण्यातली स्पायसर ही शिक्षणसंस्था तिचीच. पण एका बाजूला पीक शेतात सोडून देणारा भक्त आणि दुसऱ्या बाजूला हरलेल्या गावात शेत विकत घेणारा संदेष्टा, असे दोघांना शेजारी उभे केले तर बायबल कोणाच्या बाजूने आहे हे सांगायला पंडित लागत नाही. त्या दिवसाची आणि त्या घटकेची माहिती पुत्रालाही नाही, असे मार्काच्या शुभवर्तमानात खुद्द येशूच सांगतो.

हिशेब बरोबर असूनही माणूस चुकू शकतो, हे मत्तयाने पहिल्याच नाताळात दाखवून ठेवले आहे. ज्योतिषी यरुशलेमला आले, हेरोदाने शास्त्र्यांना विचारले, आणि शास्त्र्यांनी मीखाच्या पुस्तकाचा आधार घेऊन अचूक सांगितले की मसीहा बेथलेहेमात जन्मणार. बेथलेहेम तिथून अवघ्या नऊ किलोमीटरवर. परदेशी ज्योतिषी तिकडे निघाले. शास्त्र्यांपैकी एक तरी त्यांच्याबरोबर गेला, असे मत्तय म्हणत नाही.

आजही युद्ध पेटले, भूकंप झाला, साथ आली की मोबाइलवर प्रकटीकरणाच्या पुस्तकातली वचने बातम्यांना जोडून फिरू लागतात. घाबरलेल्या माणसाला त्यातून क्षणभर बरे वाटते. निदान हे सगळे कुठेतरी लिहिलेले आहे, एवढा दिलासा मिळतो. त्या माणसाची टिंगल करण्याचे काहीच कारण नाही. मात्र त्याच्या पाळकाने आणि धर्मगुरूने त्याला एवढ्यावर सोडू नये, कारण यिर्मयाच्या काळातही असा झटपट दिलासा उपलब्ध होता आणि तो देणाऱ्याचे नाव होते हनन्या.

इसवी सनापूर्वी 597 मध्ये बाबेलने यरुशलेमचा राजा, कारागीर आणि प्रतिष्ठित कुटुंबे उचलून नेली. त्यानंतर काही वर्षांनी हनन्या मंदिरात उभा राहिला आणि दोन वर्षांत सगळे परत येतील असे त्याने जाहीर केले. पारतंत्र्याची खूण म्हणून यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन हिंडत होता. हनन्याने ते काढून मोडून टाकले. लोकांना काय आवडले असेल हे सांगायला नको. या प्रसंगात यिर्मयाची पहिली प्रतिक्रिया विलक्षण आहे. तो आमेन म्हणतो. देव करो आणि तसेच घडो, अशी त्याची मनापासूनची इच्छा आहे. सत्य कडू आहे म्हणून ते सांगताना त्याला आनंद होत नाही. मग तो गोड भाकीत करणाऱ्याची पारख कशी करायची हे सांगतो, आणि जू मोडले गेल्यावर आपल्या वाटेने निघून जातो.

पुढच्याच अध्यायात त्याचे बाबेलमधल्या निर्वासितांना लिहिलेले पत्र आहे. घरे बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळे खा. मुलामुलींची लग्ने करा. ज्या शहरात तुम्हाला नेले आहे, त्याच्या भल्यासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. परत येण्याची मुदत दोन वर्षे नव्हे, सत्तर. हे सत्तर कुठून मोजायचे यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत: 597 पासून बाबेल पडेपर्यंत साठही भरत नाहीत, मंदिर जळल्यापासून ते 515 मध्ये पुन्हा उभे राहीपर्यंत मोजले तर सत्तर जुळतात. पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसाला मात्र आकड्याचा अर्थ तत्काळ कळला असणार. तू परत जाणार नाहीस. तुझी नातवंडे जातील. तेव्हा त्यांच्यासाठी आज झाड लाव.

मराठी मातीत या पत्राचे सर्वांत जिवंत उदाहरण केडगावला आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने मदत कबूल केली होती ती दहा वर्षांपुरती. ती मुदत संपल्यावर काय, याची रमाबाईंना काळजी होती. त्यांनी केडगावला उजाड जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि फळझाडे लावली, म्हणजे पुढे फळांच्या उत्पन्नावर सदन चालावे. झाडे पुरती धरण्याआधीच 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून शेकडो भुकेल्या मुली आणि बालविधवा रमाबाईंनी आणल्या, पुण्यात प्लेगची साथ पसरली, आणि त्या सगळ्या जणींना पाय ठेवायला जी जागा मिळाली ती हीच केडगावची जमीन. तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणण्याचे काम रमाबाईंनी याच सदनात केले आणि 5 एप्रिल 1922 ला डोळे मिटण्यापूर्वी ते पुरे केले. यिर्मयाचे पत्रही त्यात आलेच. दुष्काळ येणार हे त्यांना कोणत्याही भाकितातून कळले नव्हते. जमीन घेतलेली होती, एवढेच.

संदेष्ट्यांच्या आशेची दुसरी बाजू आगमनकाळात बहुधा वगळली जाते, कारण ती ऐकायला जड आहे. आमोस हा तकोवाचा मेंढपाळ, उंबराची फळे जोपासणारा. परमेश्वराच्या दिवसाची वाट पाहणाऱ्यांनाच तो फटकारतो: कशाला हवा तुम्हाला तो दिवस? तुमच्यासाठी तो अंधार असेल. गरिबाला जोडाभर पायताणाच्या किमतीला विकणाऱ्याने देव कधी येतो म्हणून डोळे लावून बसणे आमोसाला सहन होत नाही. यशयाही तसाच. इम्मानुएलाची खूण सातव्या अध्यायात आहे. त्याच्या आधीच्या पाचव्या अध्यायात तो घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर, दुसऱ्याला पाय ठेवायला जागा न ठेवणाऱ्यांवर हाय हाय करतो. पाळण्यातल्या बाळाचे वचन घ्यायचे आणि जमिनीच्या हावेवरचे वचन टाळायचे, असे करणे म्हणजे यशयाला अर्धा गप्प करणे होय.

वसईकरांना शेताला शेत जोडणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची पुढच्या पिढीला ओळख 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, ‘सुवार्ता’चे संपादक आणि ‘सुबोध बायबल’चे लेखक म्हणून राहील. पण ज्या धर्मगुरूने बायबल मराठीत आणले, तोच हरित वसई संरक्षण समितीच्या मोर्चांच्या पुढेही होता. वसईची शेते, वाड्या, विहिरी आणि पाणी वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या त्या आंदोलनात ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही होते. ही दोन कामे वेगळी मानणाऱ्यांनी यशयाचा पाचवा अध्याय एकदा सलग वाचावा.

आशा कोणत्या दारातून येईल हे ठरवण्याचा हक्कही संदेष्टे भक्तांना देत नाहीत. यशयाच्या पुस्तकाचा 40 व्या अध्यायापासूनचा भाग बाबेलच्या बंदिवासात लिहिला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वाळवंटात राजमार्ग तयार करा अशी ललकारी देणारा हा कवी पुढे 45 व्या अध्यायात देवाचा अभिषिक्त म्हणून कोणाचे नाव घेतो? दाविदाच्या वंशजाचे नव्हे. तो नाव घेतो पारसिकांचा राजा कोरेश याचे, ज्याला इस्राएलचा देव ठाऊकही नव्हता. इसवी सनापूर्वी 539 मध्ये कोरेशाने बाबेल घेतले आणि यहुद्यांना परतीची वाट मोकळी झाली. 1879 मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडलेला त्याचा मातीचा दंडगोलाकार लेख जेमतेम वीतभर लांबीचा आहे. 2013 च्या डिसेंबरात, ऐन आगमनकाळात, तो ब्रिटिश म्युझियममधून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता, आणि इराणशी पूर्वापार नाते सांगणाऱ्या पारशी मुंबईकरांना त्याचे मोठे अप्रूप होते. त्या लेखात यरुशलेमचा उल्लेख नाही. कोरेश आपल्या विजयाचे श्रेय बाबेलच्या मर्दुक देवाला देतो. बंदिवानांची सुटका अशा परक्या हातांनी झाली, आणि संदेष्ट्याने ते हात देवाचे म्हणून ओळखले. महाराष्ट्रात संख्येने थोड्या असलेल्या ख्रिस्ती समाजाने हे विशेष लक्षात ठेवावे. मदत आपल्याच वाड्यातून, आपल्याच नावाच्या माणसाकडून येईल अशी खूणगाठ बांधली, तर दारात आलेला कोरेश ओळखू येत नाही.

परतल्यावरही सगळे आबादीआबाद झाले नाही. नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले, असे एज्राचे पुस्तक सांगते. तरुण जल्लोष करत होते, म्हातारे रडत होते, आणि दुरून ऐकणाऱ्याला एक आवाज दुसऱ्यापासून वेगळा करता येत नव्हता. भाकितातला राजमार्ग आणि प्रत्यक्षातली धुळीची वाट यांतले हे अंतर बायबल लपवत नाही. आगमनकाळही ते लपवत नाही: कॅथलिक उपासनेत 16 डिसेंबरपर्यंतचा भर ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यावर असतो आणि 17 पासून बेथलेहेमकडे वळतो. म्हणजे जे झाले आणि जे अजून व्हायचे आहे, दोन्हींच्या मध्ये उभे राहून वाट पाहायची.

मराठीत ही वाट पहिल्यांदा कोणी सांगितली, हेही आठवावे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ थेट गोठ्यापासून सुरू होत नाही. त्याचा सबंध पहिला भाग जुन्या कराराचा आहे: सृष्टी, पतन, कुलपिते, राजे, संदेष्टे. साष्टीच्या नव्या ख्रिस्ती श्रोत्यांना बाळाचे दर्शन होण्याआधी हजारो ओव्या वाट पाहावी लागे. आजच्या नाताळच्या कार्यक्रमात देवदूत पहिल्या पाच मिनिटांत रंगमंचावर येतो. मुलांना पंख लावून नाचवण्याची हौस कोणाला नसते? पण त्या नाटुकल्यात यिर्मयाच्या मडक्याला दहा मिनिटे मिळाली तर मुलांना ते नक्की समजेल. मडक्यात जपून ठेवलेल्या वस्तूचे आकर्षण मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त असते.

आगमनकाळाचे मेणबत्त्यांचे चक्रही मुलांमुळेच आले. हॅम्बर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न याने निराधार मुलांसाठी घर चालवले होते. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुले विचारत राहत. 1839 मध्ये त्याने एक चाक टांगून त्यावर रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची म्हणून. वाट पाहायला शिकवणारे हे चक्र अशा घरात जन्मले, जिथे मुलांना आधी जेवण, छप्पर आणि हाताला काम मिळाले होते.

याच जर्मनीत शंभर वर्षांनी आल्फ्रेड डेल्प हा जेझुइट धर्मगुरू बर्लिनच्या टेगेल तुरुंगात आगमनकाळावर लिहीत होता. हिटलरशाही संपल्यावर जर्मनी कसा उभारायचा याचा विचार करणाऱ्या क्रायसाऊ गटात तो होता, म्हणून पकडला गेला. डिसेंबर 1944 मध्ये बेड्या घातलेल्या हातांनी त्याने हे चिंतन लिहिले आणि धुवायच्या कपड्यांतून ते बाहेर पोहोचवले गेले. 2 फेब्रुवारी 1945 ला त्याला फाशी दिली. युद्ध तीन महिन्यांत संपणार होते. त्याची सुटका झाली नाही. पण नाझी राजवटीनंतरच्या न्याय्य समाजाची जी आखणी त्याने मित्रांबरोबर केली, ती राजवट अजून उभी असतानाच केली होती. अनाथोथच्या खरेदीखताशी त्या आखणीचे नाते सख्खे आहे.

महाराष्ट्रात आगमनकाळ आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी येतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून कारखान्यांकडे निघतात आणि नाताळच्या रात्री कोपीत झोपलेली असतात. अहिल्यानगर जिल्ह्यात 1831 पासून मराठी मिशनचे काम आहे. तिथल्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना ऊसतोडीचे हे जग परके नाही. यशयाच्या 65 व्या अध्यायातले वचन या माणसांपुढे वाचून पाहावे: घरे बांधतील ते स्वतः त्यांत राहतील, मळे लावतील ते स्वतः त्यांची फळे खातील; एकाने बांधावे आणि दुसऱ्याने राहावे असे होणार नाही. दुसऱ्याच्या उसावर कोयता चालवणाऱ्याला या वचनाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. चार रविवारांपैकी एका रविवारची उपासना मंडळीने कारखान्याच्या तळावर, ऊसतोड्यांच्या टोळ्यांच्या सोबतीने करावी. त्या रविवारचे दान तळावरच्या मुलांच्या साखरशाळेला, पाट्यापुस्तकांना आणि शिकवायला येणाऱ्या माणसाच्या मानधनाला जावे, आणि हंगाम संपून टोळ्या गावी परततील तोपर्यंत ते दर महिन्याला चालू राहावे.